शिडीची दुसरी उडी

आमच्या टीममधल्या शिडीला कुणी विचारलं, की तू बास्केटबॉल का खेळतोस, तर तो प्रामाणिकपणे सांगायचा, "उंच आहे म्हणून." शाळेत असताना सरांनी एकदा त्याला वर्गाच्या दारातून वाकून बाहेर पडताना पाहिलं आणि त्याच संध्याकाळी रिंगखाली नेऊन उभं केलं. "हात वर कर आणि उभा राहा," सर म्हणाले. आज्ञाधारक पोरगा, पुढची कैक वर्षं तसाच उभा राहिला. आम्ही चार बुटके लांबून बॉल फेकायचो, तो झेलायचा आणि आरामात रिंगमध्ये सोडायचा. आम्ही जिंकायचो. जिंकून देणाऱ्याला पळायला कोण शिकवतो?

मागच्या सीझनच्या उपांत्य सामन्यात सगळं पितळ उघडं पडलं. पुलापलीकडच्या क्लबातल्या पोरांना कळलं, की या शिडीशी झुंजायचं नाही, नुसतं पळायचं. शिडी अर्ध्या कोर्टापर्यंत पोचावा, तोवर ते बास्केट करून परत येताना त्याला वाटेत भेटायचे. त्यांचा कप्तान, एक नंबरचं टवाळ कार्टं, दर वेळी विचारायचा, "काय साहेब, आज इकडे कुठे?"

आम्ही हरलो. सरांनी शिडीला बाजूला घेतलं. मी बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने जवळच होतो.

"तुझ्या जागी उतरायला एक जण तयार आहे," सर म्हणाले. "तुझ्याहून वीतभर कमी, पण पळतो. नव्या सीझनचा पहिला सामना तुला देतो. दम लागला की मूठ वर करायची, मी तुला बाहेर घेईन. पण मग तू बाहेरच."

त्या दिवशी शिडी घरी जाऊन जेवला नाही. शिडी जेवला नाही म्हणजे प्रकरण गंभीर. वडिलांचं गॅरेज होतं, पण गाडीखाली शिरला की याचे पाय रस्त्यावर यायचे आणि येणारे-जाणारे अडखळायचे. अभ्यासाचं आणि त्याचं तर लहानपणापासून वाकडं. मला म्हणाला, "जगात एवढी एकच जागा आहे रे, जिथे मी कुणाच्या मध्ये येत नाही." माझ्या जिभेवर एक विनोद आला होता. मी तो गिळला.

मग आम्ही दोघांनी आमची अक्कल चालवली. अक्कल म्हणजे जिम. शिडीने वजनं उचलली, अंडी खाल्ली, पुन्हा वजनं उचलली. महिन्याभरात त्याचे खांदे दारात अडकायला लागले. आम्ही खूश. मैदानावर पळवून पाहिलं, तर गडी आधीपेक्षा हळू!

त्याची मोठी बहीण, आमची ताई, हे सगळं बघून मनसोक्त हसली. ती मुलींच्या शाळेत व्यायाम शिकवते. एके काळी तिहेरी उडी मारायची, पुढे गुडघा गेला.

"बैलगाडी पळत नाही म्हणून तुम्ही तिच्यात अजून चार पोती टाकलीत," ती म्हणाली. "चढ त्या स्टुलावर. आता खाली उडी मार."

शिडीने उडी मारली. मांडणीवरची ताटं वाजली, आणि दुसऱ्याच क्षणी खालच्या मजल्यावरून छताला ठक ठक झालं. खाली एक निवृत्त कारकून आजोबा राहायचे. आवाज झाला, की ते झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे. आम्ही जीभ चावली. ताई मात्र तडक खाली गेली.

"आजोबा, उद्यापासून रोज ठोकाल का? जरा जरी आवाज आला तरी सोडायचं नाही."

आजोबांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणी काम दिलं होतं. ते सकाळी दाढीबिढी करून छताखाली खुर्ची टाकून बसायला लागले. शिडी स्टुलावरून उतरायचा, खालून ठक. पुन्हा स्टूल, पुन्हा ठक. "आधी चवडे, मग टाच. गुडघे मऊ सोड. लाकूड आहेस का?" वरून ताई, खालून आजोबा, मधल्या मध्ये आमच्या शिडीचं पार भरीत!

बॉलला हात लावायला बंदी. घोटे इतके ताठ, की बिचाऱ्याला उकिडवं बसता येईना. मग रोज भिंतीला धरून बसायचं. जिममधली निम्मी वजनं गेली, उरलेली सावकाश उचलायची. सकाळी दोरीवरच्या उड्या, मग गॅरेजमागच्या चढावर छोट्या छोट्या धावा. "पळू नकोस, आधी निघायला शीक," ताई ओरडायची. "लोक पोचतात आणि तू अजून निघायचा विचार करतोयस!"

एका सकाळी शिडीने दोरी फेकून दिली. "मला बहीण नाही, फौजदार मिळालाय! सामन्यात उडी मारायचीय मला, मांजरासारखं उतरायचं नाहीये!"

ताई चिडली नाही. स्टुलावर बसली आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "मला सगळ्यांनी उडायला शिकवलं. उतरायला कुणी शिकवलं नाही. नीट उतरता आलं असतं, तर मी अजून पुष्कळ उड्या मारल्या असत्या. पहिली उडी कुणीही मारतो रे, गाढवा. नीट उतरणाऱ्यालाच दुसरी मिळते."

शिडीने गुपचूप दोरी उचलली.

पुढे एक दिवस असा आला, की खालून ठोकाच नाही. उड्यांवर उड्या, तरी सगळं शांत. ताई घाबरून खाली धावली. आजोबा झाडू घेऊन खुर्चीत ताठ बसलेले. रागाने म्हणाले, "आज सुट्टी होती तर आधी सांगायचं ना!"

त्या दिवशी ताईने त्याच्या हातात बॉल दिला.

पहिला सामना नेमका पुलापलीकडच्यांशीच पडला. कप्तानाने शिडीला बघताच विचारलं, "साहेब, यंदा परतीचं तिकीट काढलंय का?" शिडी वाकून बुटाची नाडी आवळत राहिला. पण सामना सुरू झाला आणि कप्तान बॉल घेऊन सुसाट सुटला, तेव्हा बाजूने धावणारी लांबलचक सावली बघून त्याचं हसू मावळलं. पहिल्या भागात तो दोनदा थबकला, एकदा बॉल हातातून निसटला. तरी गडी हुशार होता. शेवटचं मिनिट आलं, तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. आणि माझाच पास त्याने मधल्या मध्ये पळवला.

पुढे रिकामं कोर्ट. मी डोळेच मिटणार होतो.

शिडी निघाला. खरंच निघाला! ढांगा टाकत मागून आला, कप्तानाने रिंगकडे बॉल सोडला आणि शिडीने त्याच्या डोक्यावरून एका पंजाने तो हवेत उडवला. बॉल वर गेला. कप्तानही पुन्हा उडायला वाकला. पण शिडीचे पाय जमिनीला लागले न लागले, तोच तो परत हवेत होता. बॉल मुठीत, माझ्याकडे फेक, आणि लगेच उलट दिशेने पळत सुटला. मी मान वर केली, तर हा बाबा पलीकडच्या रिंगखाली माझ्या आधी हजर! मी बॉल दिला. त्याने तो वरून असा काही आदळला, की बोर्ड थरथरत राहिला आणि सामना संपल्याची शिट्टी कुणालाच ऐकू आली नाही.

आम्ही त्याच्या अंगावर चढलो. माझी मजल त्याच्या कमरेपर्यंतच गेली. ताई प्रेक्षकांत उभी राहून ओरडत होती, काय ते कळत नव्हतं. बहुतेक शिव्याच असाव्यात, पण डोळे पुसत पुसत देत होती.

गर्दी पांगल्यावर सर आले. चेहरा नेहमीसारखा कडू.

"काय रे, दम लागला की मूठ वर करायची ठरलं होतं. पूर्ण सामना मी तुझ्या हाताकडे बघत बसलो."

"हो सर."

"मग?"

"लागलाच नाही, सर."

सरांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तेवढं पाहायला वेळ लागतोच.

"पुढच्या शनिवारी बाहेरगावी सामना आहे," ते म्हणाले. "गाडीत पुढची सीट तू घे. पाय मोकळे ठेव."