घड्याळजी मामांचं राहून गेलेलं वर्ष

माझे मामा घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून बसले की समोर कोण उभं आहे याचं त्यांना भान नसतं. पण गिऱ्हाइकाला दिलेली वेळ पाच मिनिटंही चुकायची नाही. जकातीचंही, म्हणजे आम्हा मुसलमानांवर फर्ज असलेल्या वार्षिक दानाचंही, तसंच. शिल्लक ठरावीक रकमेच्या वर असली आणि तिला वर्ष झालं, की चाळिसावा हिस्सा गरजू हक्कदाराच्या हातात पडलाच पाहिजे. मामांनी त्यासाठी दुकान उघडल्याची तारीख धरली होती. तेहतीस वर्षांत ती एकदाही चुकली नाही, हे ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

गेल्या महिन्यात एकानं जुनं घड्याळ आणलं. तबकडीत इवलीशी खिडकी, तिच्यात चंद्र. मामांनी ते चालू केलं, तारीख जुळवली, चंद्र जुळवला आणि एकदम भिंग काढून ठेवलं. जकातीचं वर्ष चंद्राचं, ते जवळजवळ अकरा दिवसांनी लहान. रोजे दरवर्षी अलीकडे सरकतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि हा शहाणा माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला होता! त्या तेहतीस वर्षांत चंद्राची चौतीस झाली होती. अख्ख्या एका वर्षाची जकात द्यायची राहिली होती.

नेमकं तेव्हाच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. तेही भिंगाच्या डोळ्याचं. तो गेला तर दुकानाला कुलूप. आणि मामांची शिल्लक म्हणजे मुख्यतः कपाटात विकायला मांडलेली घड्याळं. रोख होती ती ऑपरेशनपुरतीच.

"डॉक्टरांना सांग, पुढं बघू," मामा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "मामा, नकळत झालंय. अल्लाह माफ करेल. आधी डोळा करा!"

"माफ करेल तो मला. पण पैसे कुठं माझे आहेत?"

"एवढी वर्षं कुणी मागायला आलं का? कुणाचं काय अडलं?"

मामांनी स्क्रू-ड्रायव्हर पुसून ठेवला. मग म्हणाले, "सातवीत फी भरली नव्हती म्हणून तू आठवडाभर वर्गाबाहेर उभा होतास. आठवतं?"

न आठवायला काय झालं? वडील गेलेले, आई शिलाई करायची. मग एक दिवस तिनं फी भरली. पैसे मामांनी दिले एवढंच मला माहीत होतं. ते जकातीचे होते, हे आईनं कधी तोंडातून काढलं नाही.

"चंद्राच्या हिशेबानं त्या वर्षीपर्यंत मी महिनाभर मागं पडलो होतो," मामा म्हणाले. "पैसे गल्ल्यात तयार होते. तू बाहेर उभा होतास, आणि मी तारखेची वाट बघत होतो."

एवढा सरळ माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि त्याच्यावरच मी आवाज चढवला होता.

दुसऱ्या दिवशी मामांनी पैसे देऊन टाकले. कुणाला, ते सांगितलं नाही. मी घरी जाऊन ऑपरेशनपुरते पैसे आणले आणि त्यांच्यापुढं ठेवले. मामांनी हात मागं घेतला.

"तुझ्या जकातीतले नाहीत ना? मला ते चालायचे नाहीत. माझ्याकडे कपाटभर घड्याळं आहेत."

"नाही मामा. सातवीतल्या पोराचे आहेत."

अंधुक डोळ्यानं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात पुढं केला. मग म्हणाले, "आण."