पाहुणे आले, आडव्या व्हा!

फिजिओथेरपीच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. एका पेशंटमागे चार नातेवाईक येतात आणि जाताना एकेक किस्सा टाकून जातात. ऐकणारे पोट धरून हसतात. माझं मात्र डोकं फिरतं!

मानवतच्या सुमनताईंचंच घ्या. मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली होती. परभणीत ऑपरेशन झालं, झकास झालं. मी त्यांच्या मिस्टरांना, म्हणजे मास्तरांना, बसवून समजावलं, "आत जखम भरताना व्रण धरतो. नस त्याला चिकटली तर पाय पुन्हा ओढायला लागेल. म्हणून रोज थोडं थोडं चालायचं, पाय हळूहळू हलवायचा. नस मोकळी राहिली पाहिजे."

मास्तरांनी मान डोलावली. "समजलं मॅडम. म्हणजे फुल आराम!"

तरी सुमनताई गुणाच्या. घरी जाताच अंगणात चालायला लागल्या. तेवढ्यात चुडाव्याहून नणंदबाई रेल्वेनं भेटायला आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं बाई! आप्रेशन झालंय म्हन्ले व्हते ना? ही तर हिंडायली की!"

झालं! गावभर बोभाटा झाला, की सुमनला काही झालेलंच नाही, कामाचा कंटाळा आलाय. सासूबाईंना ते लय लागलं. त्यांनी फर्मान काढलं, "मान्सं आले की आडवं व्हायचं. लोक काय म्हन्तील?"

आणि आपल्याकडे माणसं यायची थांबतात का? मी सकाळी फोन करायचे. "चाललात का?"

"न्हाई मॅडम, पाव्हणे हायेत."

दुपारी विचारलं, तर दुसरे आलेले. संध्याकाळी तिसरे! प्रत्येकाला चहा, आणि ही बाई दिवसभर अंथरुणात!

गंगाखेडच्या मामांनी तर कहर केला. सुमनताईंच्या हातून फोन घेऊन म्हणाले, "आमच्याकडं एक जन असाच चालला अन् सगळे टाके तुटले!"

मी तिथल्या तिथे फोनवरच विचारलं, "कोण? नाव सांगा."

"नाव कशाला पायजे तुमाला? तुटले म्हन्लं ना!"

शेवटी व्हायचं तेच झालं. सुमनताई सासूबाईंसोबत तपासणीला आल्या तेव्हा आधी सरळ उचलला जाणारा पाय अर्ध्यातच ओढत होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सर्जन म्हणाले, आताच मनावर घेतलं नाही तर पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ शकते, आणि ते पहिल्यापेक्षा अवघड. माझा तोल सुटला. सगळ्यांदेखत सासूबाईंना विचारलं, "पुन्हा पाठ उघडावी लागली तर कुठं जाणार आहेत तुमचे पाहुणे?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जातील कुठं? तवा बी येतील की भेटायला!"

आठवडाभरानं न सांगता मानवतला गेले. आज भांडायचंच, असं ठरवूनच. गल्लीच्या टोकावरून पाहिलं, तर सुमनताई पायात चपला घालून अंगणात चांगल्या चालत होत्या. माझा राग निम्मा तिथंच उतरला. मी फाटकाची कडी काढली. आतून सासूबाईंचा आवाज आला, "आलं गं कुनीतरी!"

घरात गेले. सुमनताई पलंगावर, गळ्यापर्यंत चादर, डोळे गच्च मिटलेले.

"आत्ताच डोळा लागलाय बघा तिचा," सासूबाई हळूच म्हणाल्या.

चादरीच्या दुसऱ्या टोकाला दोन पाय बाहेर आलेले. दोन्ही पायांत चपला!