अर्धा किलो हळद

गाडीच्या रेडिएटरमध्ये मी अर्धा किलो हळद ओतली. रेडिएटर थेंब थेंब गळत होता आणि हळद घातली की भोक बुजतं, असं चहाच्या टपरीवर ऐकलं होतं. किती घालायची, ते मात्र विचारलं नव्हतं.

दुसऱ्याच सकाळी लेकीला नर्सिंगच्या परीक्षेला गडचिरोलीला न्यायचं होतं. आमचं मूल नावाचं गाव संपायच्या आत इंजिन तापलं आणि बॉनेटमधून वाफ निघाली, तीही नशिबानं आमच्या नेहमीच्या मिस्त्रीच्या शेडसमोर. हा माणूस आधी पान्याला हात लावत नाही. आजाऱ्याचा ताप बघावा तसा बॉनेटवर तळवा ठेवतो आणि म्हणतो, "थांबा." मी घाईनं रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो, तर त्यानं माझं मनगटच धरलं.

"तोंड भाजून घेता का, भाऊ? थंड होऊ द्या."

"अरे, पोरीचा पेपर आहे ना दहा वाजता!"

त्यानं हात पुसले, स्वतःच्या मोटरसायकलची चावी काढली आणि मी पुढे केलेला हात टाळून लेकीला दिली. "जाय बाई, सावकाश जाय. तुह्या बाबाले इथीच ठेवतो."

ती वेळेवर पोचल्याचा फोन आला, तेव्हा तो पाइप लावून रेडिएटर धूत होता. चौथ्यांदाही पाणी पिवळंच आलं. मी पाइप धरायला पुढे झालो.

"पोरीचं वर्ष वाचवलं रे तू."

"चिमूटभर टाका लागते, भाऊ," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "तुमी तं गाडीले नवरीवानी हळद लावली. आता पाठवून द्या तिले दुसऱ्याच्या घरी."