राण्यांची जोडी

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतली ती चोरी मी अजून विसरलेलो नाही. चोरी तशी मामुली होती, एका वर्कशॉपमधून रविवारी दुपारी तांब्याच्या तारेची बंडलं गेली होती. पण चोरांनी जाताना रखवालदाराच्या डोक्यात पाइप घातला होता आणि तो इस्पितळात बेशुद्ध होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा उपनिरीक्षक होतो.

कुलूप तोडलेलं नव्हतं, किल्लीनं उघडलेलं होतं. किल्ल्या दोघांकडे असत, स्टोअरकीपर आणि सुपरवायझर. स्टोअरकीपर रविवारी दुपारी घरी झोपला होता म्हणे. साक्षीला फक्त बायको, आणि बायकोच्या साक्षीला ठाण्यात काय किंमत असते ते सांगायला नको. सुपरवायझर मात्र बोरिवलीला एका निवृत्त खलाशाकडे पत्ते खेळत होता. खलाशानं तसा जबाबही दिला. खेळातले बाकीचे दोघे त्याचे जुने सोबती, ते सोमवारीच बोटीवर निघून गेले होते.

झालं. वरिष्ठांनी स्टोअरकीपरला आणून बसवलं. दुसऱ्या दिवशी अटक दाखवायची आणि कोर्टातून रिमांड घ्यायचा, असं ठरलं. रखवालदार दगावला असता तर हा माणूस खुनाच्या गुन्ह्यात गेला असता. त्याची बायको डबा मांडीवर घेऊन ठाण्याच्या बाकावर बसून होती. डबा आत पाठवायला ती तयार नव्हती, स्वतःच्या हातानं देईन म्हणत होती.

मी स्वभावानंच संशयी. भाजीवाला हसून बोलला तरी मी आधी त्याचा काटा बघतो. त्या जबाबांचा मला संशय आला तो त्यांच्या नीटनेटकेपणामुळे. सुपरवायझरनं दुपारचा मोठा डाव पानापानासह सांगितला होता, आणि खलाशानं अगदी तोच. एरवी दोन माणसं एकाच लग्नाला जाऊन आली तरी जिलबी होती की श्रीखंड, यावर त्यांचं जमत नाही.

त्यात माझा एक खबऱ्या आला. रिक्षा चालवायचा.

"साहेब, रविवारी दुपारी वर्कशॉपच्या मागे टेम्पो लागला होता ना. बाजूला एक सफारीवाला सिगारेट फुंकत होता."

"चेहरा बघितलास?"

"पाठ होती माझ्याकडे. चेहरा दिसला असता तर सांगितला नसता काय?"

सुपरवायझर सफारी घालायचा. पण तेव्हा अर्धी मुंबई सफारीत फिरत होती. म्हणजे माझ्या हातात काय, तर एक सफारी आणि माझा संशय. गुपचूप पाळत ठेवावी, तर तोवर तार भट्टीत वितळणार आणि स्टोअरकीपर कोठडीत जाणार. सुपरवायझरला बोलावून दाबावं आणि तो निसटला, तर वरिष्ठ मला जन्मभर बंदोबस्ताला उभं करणार. हातात असं कच्चं काही असलं की वाट बघणं परवडत नाही, हे मी पत्त्यांत पाहिलं होतं. क्लबांवर धाडी घालून घालून पोकर मला नोकरीनंच शिकवला होता.

खलाशाकडचा खेळही पोकरच, त्यानं बोटीवरून आणलेला. प्रत्येकाला पाच पानं, तो त्याचा हात; एकदा बोली लावायची, मग नको ती पानं बदलून घ्यायची आणि पुन्हा बोली. खेळायचे काड्यापेटीतल्या काड्यांवर; कोणी बोली वाढवली की तेवढ्या काड्या लावायच्या, नाहीतर पानं टाकून बाहेर पडायचं. हरणाऱ्यानं सगळ्यांना मटण खिलवायचं.

मी सुपरवायझर आणि खलाशी दोघांनाही त्याच दुपारी बोलावून समोरासमोर बसवलं.

"तो डाव परत सांगा," मी सुपरवायझरला म्हणालो.

"राण्यांची जोडी होती साहेब. मी बोली वाढवली. दोघांनी पानं टाकली, हे राहिले. पानं बदलली. माझं काही सुधारलं नाही, तरी मीच जिंकलो."

"पण वाढवली कशाला? नुसती बरोबरी करून गप्प बसायचं."

तो हसला. "एवढा भारी हात, साहेब! हरायचा प्रश्नच नव्हता. म्हणून वाढवली."

खलाशाच्या कपाळावर आठी चढली. पट्टशिष्यानं परीक्षेत माती खाल्ल्यावर मास्तरांच्या चेहऱ्यावर येते, तशी. मी आणखी डिवचलं. "बरोबर आहे. राण्या म्हणजे भारीच. कोणीही वाढवेल."

"भारी खयचो, सायबानू!" म्हातारा उसळलाच. "एकच जोडी ती! सगळ्यांका स्वस्तात पानां बदलूक दिली, आणि एकाचा जरी पान लागला, तर वाट लागली! मागे दोघे बसलेले. भियालंय, म्हणान वाढवलंय मी!"

सुपरवायझर जमिनीकडे बघत होता.

"भ्यालं कोण? तुम्ही की हे?" मी विचारलं. मग मी म्हाताऱ्याला बाहेर नेलं आणि बाकावरची बाई दाखवली. ती कोण, कशासाठी बसली आहे, एवढंच सांगितलं. तो तिच्या मांडीवरच्या डब्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माका चोरीचा कायएक सांगूक नाय त्यानं. बाईचा लफडा हा, घरात कळला तर संसार मोडात, इतक्याच तो बोललो. म्हणान माझो हात मी त्याका दिलंय."

खोटं उभं करायला त्यानं आपला खरा डाव उसना दिला होता. पान न् पान दिलं, फक्त भीती द्यायची राहिली.

संध्याकाळपर्यंत सुपरवायझरनं टेम्पोवाल्याचं नाव सांगितलं. तार देवनारच्या एका भंगार गोदामात सापडली. रखवालदारही शुद्धीवर आला आणि मला खरोखर हायसं वाटलं.

त्या दिवसापासून कोणाचाही जबाब घेताना मी एक प्रश्न हमखास विचारत आलो: तेव्हा तुम्हाला भीती कशाची वाटली? खोटं बोलणारा काय घडलं ते घोकून येतो. आपण कशाला भ्यालो, हे घोकायचं त्याला सुचत नाही.

स्टोअरकीपरला बाहेर आणलं तेव्हा त्याची बायको उठून उभी राहिली.

"सही कुठं करायची, साहेब?"

"कुठंच नाही. घेऊन जा यांना."

"परत बोलावणार ना?"

"नाही, बाई."

तिचा विश्वास बसला नाही. तिनं डबा काखेत मारला, नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं आणि फाटकापर्यंत मागे वळून वळून माझ्याकडे बघत गेली. संशय घेण्याचा मी पगार घेत होतो. पण त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, तसं मी कुठल्या सराईत गुन्हेगाराकडेही कधी पाहिलं नसेल.