बुवाच्या बाई

ऑफिसात त्याला सगळे बुवा म्हणत. दाढी नव्हती, माळ नव्हती, अंगात इस्त्रीचा शर्ट. पण हातात चहाचा कप आला की प्रवचन सुरू व्हायचं आणि कप रिकामा झाला तरी संपायचं नाही, म्हणून बुवा. विषय एकच, जाहिरात. गेली एकोणीस वर्षं तो लोकांना नको असलेल्या वस्तू हव्याशा करून द्यायचं काम करत होता. ऑफिस कपडे धुऊन देणाऱ्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. खालून दिवसभर गरम वाफेचा वास येई आणि वर बुवाची मतं.

मतं भरपूर होती. "चांगला माल आपोआप खपतो असं म्हणणाऱ्याकडे खपवायला काही नसतं," हे एक. "चौकात लावलेल्या मोठ्या फलकाकडे दोनच माणसं बघतात, मालक आणि मालकाचा मेहुणा," हे दुसरं. सोशल मीडियाबद्दल तर त्याचं तोंड धरवत नसे. तिथे कोणी कोणाचं ऐकत नाही, सगळे आपली बोलायची पाळी येईपर्यंत मान डोलावत बसतात, असं तो म्हणे. स्वतःचं खातं त्याने कुठेच उघडलं नव्हतं. घरात टूथपेस्ट आणतानाही ज्या कंपनीचं नाव कोणी ऐकलेलं नाही ती शोधून आणायचा, आणि बायको म्हणायची, "सगळं जग फसवायला बसलंय असं तुलाच का वाटतं?" याचं उत्तर त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर छापलेलं होतं.

पण त्याचं सगळ्यात लाडकं मत वेगळंच होतं. "जाहिरात आहे हे कळलं की माणूस खिसा घट्ट धरतो. तीच गोष्ट ओळखीच्या माणसाने सांगितली की तो स्वतःहून विचारतो, कुठे मिळतं हो हे?" एवढं बोलून तो थांबला असता तर बरं होतं. तो थांबला नाही. त्याने ओळखीचं माणूस तयार केलं.

त्या माणसाचं नाव 'आपल्या बाई'. निवृत्त मुख्याध्यापिका. फोटो इंटरनेटवर विकत घेतलेला: पांढरे केस, चष्मा, ओठांच्या कोपऱ्यात बारीक हसू. मूळची ती बाई कोण, कुठली, हयात आहे की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि आपण इतक्या जणांच्या बाई झालो आहोत याचा तिलाही पत्ता नव्हता. रोज सकाळी सात वाजता बाई सोशल मीडियावर चार ओळींचा सल्ला देत. दर पाचव्या दिवशी सल्ल्याच्या शेवटी "जाता जाता सांगते" असं म्हणून एखादी उशी, एखादं तेल, एखादा चष्मा लोकांच्या गळ्यात मारत. दोन वर्षांत दोन लाख माणसं बाईंच्या मागे लागली.

फोटो विकत मिळतो, आवाज मिळत नाही. तो बुवाने घरून आणला.

त्याची आई टपाल कचेरीत एकतीस वर्षं खिडकीमागे बसली होती. समोरच्याला एका वाक्यात जागेवर बसवायची तिची जुनी सवय. "फॉर्म अर्धाच भरलाय. उरलेला काय मी स्वप्नात बघून भरू?" असं ती आजही रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत कोणालाही ऐकवायची. ती एकटी राहायची, बुवाच्या घरापासून वीस मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर. बुवा दर रविवारी जायचा, तासभर बसायचा आणि परत जाताना जिन्यात उभा राहून तिची वाक्यं मोबाईलमध्ये टिपून घ्यायचा. आईला वाटे, पोरगा हल्ली लक्ष देऊन ऐकतो. ऐकत होताच तो. माल उचलत होता.

अशाच एका रविवारी ती म्हणाली, "चढताना काही नाही रे. उतरताना तिसऱ्या पायरीला गुडघा म्हणतो, मी येत नाही, तू जा."

बुवा मनापासून हसला आणि जिन्यात आल्यावर, बहुधा तिसऱ्याच पायरीवर, ते लिहून घेतलं. बुधवारी गुडघ्याच्या पट्ट्याचं गिऱ्हाईक आलं. पट्टा म्हणजे निळं ताणणारं कापड आणि आत दोन तारा. बुवाने दहा मिनिटांत बाईंना बोलतं केलं. "उतरताना तिसऱ्या पायरीला माझा गुडघा म्हणायचा, मी येत नाही, तू जा. जाता जाता सांगते, सहा आठवडे हा पट्टा बांधला. आता मी निघाले की गुडघा मुकाट्याने येतो. ऑपरेशनची घाई करणाऱ्यांनो, सहा आठवडे थांबून तर बघा!" साहेबांनी बुवाची पाठ थोपटली. पट्टे हातोहात खपले.

त्यानंतरच्या रविवारी बुवाने आईच्या दाराची बेल वाजवली. दार उघडलं. आईच्या दोन्ही गुडघ्यांवर निळे पट्टे होते.

"हे काय?" बुवाने विचारलं, खरं तर त्याने विचारायची गरज नव्हती.

"पट्टे. आणि उद्या हॉस्पिटलात फोन करून सांगणार आहे, गुरुवारी येत नाही म्हणून."

गुरुवार म्हणजे तिच्या उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा दिवस. सात महिने वाट बघून तो मिळाला होता. डॉक्टरांनी एक्सरे उजेडात धरून दाखवलं होतं, हाडावर हाड घासतंय, पाय वाकत चाललाय. आता टाळलंत तर पुढे ऑपरेशन करूनही सरळ होईल याची खात्री नाही. हे सगळं बुवाने त्यांच्यासमोर खुर्चीत बसून ऐकलं होतं.

"आई, वेड लागलंय का तुला? कोणी सांगितलं हे?"

"आपल्या बाईंनी."

"अगं, त्या बाईबिई काही नसतात. हे सगळं कुठल्यातरी ऑफिसात बसून लिहितात."

"कोण लिहितं?"

बुवाने तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला विषय येत असून बोलता येईना.

"बघ, नाही ना सांगता येत?" आई म्हणाली. "तू कशाला बोलतोस मग? तू जाहिरातवाला. तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार? त्या बाई बघ, अगदी माझ्या मनातलं बोलतात. त्यांचाही गुडघा तिसऱ्या पायरीलाच अडायचा."

"तू म्हणाली होतीस ते! माझ्याजवळ!"

"म्हणजे बघ," ती विजयाने म्हणाली, "दोघींचं दुखणं एकच."

पुढे बुवाने डॉक्टरांची शपथ घातली, नातीची घातली, आवाज चढवला, उतरवला. आई ढिम्म. शेवटी त्याने हात टेकले. एकोणीस वर्षं जी गोष्ट तो चहाच्या कपाबरोबर सगळ्यांना समजावून सांगत होता, ती त्याला आईने फुकटात करून दाखवली होती.

सोमवारी तो लवकर ऑफिसात गेला. आई दहा वाजता फोन करणार होती. तिच्या दृष्टीने कचेऱ्या दहाला उघडतात. हिला हे खूळ नक्की कधी लागलं ते बघावं म्हणून त्याने बाईंना येणारे खाजगी संदेश उघडले. तिकडे तो कधी फिरकत नसे. त्यांना उत्तर द्यायला यंत्र लावलेलं होतं. हजारो संदेश, आणि त्यांत एक ओळखीची कुंडी. आईने खात्यावर स्वतःचा फोटो लावायचं टाळून खिडकीतल्या कोरफडीच्या कुंडीचा लावला होता. अकरा महिन्यांचे संदेश होते.

"बाई, आज तुम्ही लिहिलंत की सकाळचा चहा उभ्याने पिऊ नये. मी चाळीस वर्षं उभ्यानेच प्यायले. आज बसून प्यायले. बरं वाटलं."

"आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद! आपला दिवस आनंदात जावो."

"बाई, तीन दिवसांत दूधवाला सोडून कोणाशी बोलणं झालं नाही. म्हणून लिहिते. राग मानू नका."

"आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद! आपला दिवस आनंदात जावो."

"बाई, ऑपरेशनची तारीख मिळाली. मला फार भीती वाटते. मुलाला सांगितलं तर तो म्हणेल, त्यात काय घाबरायचं. चांगला आहे तो. रविवारी न चुकता येतो. मोबाईल उलटा ठेवतो, पण लक्ष त्याच्याचकडे असतं."

"आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद! आपला दिवस आनंदात जावो."

आणि शेवटचा, गेल्या आठवड्यातला. "बाई, ऑपरेशन करू की पट्टा घेऊ? तुम्ही सांगाल ते करीन."

"आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद! बाई सदैव आपल्या पाठीशी आहेत. पट्टा मागवण्यासाठी येथे दाबा."

हे उत्तर बुवाने स्वतः लिहून यंत्रात भरलं होतं. त्या दिवशी आणखी अकरा उत्तरं लिहायची होती, म्हणून घाईत होता. आता त्याला इतकी लाज वाटली की कोणी बघतंय का म्हणून त्याने मागे वळून पाहिलं. मागे फक्त प्लास्टिकचं झाड होतं.

नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. सरळ आईकडे जावं, पाय धरावेत, सगळं कबूल करावं, असं त्याच्या मनात आलं. आलं आणि गेलं. कबूल केलं तर ती संतापेल, रडेल, आणि रागाच्या भरात गुरुवारही घालवेल, असं त्याने स्वतःला पटवलं. लोकांना पटवायचा धंदाच होता, स्वतःला पटवायला कितीसा वेळ लागतो? त्याने यंत्राचं उत्तर बाजूला सारलं आणि बाईंच्या नावाने लिहिलं:

"माझी चूक झाली. पट्टा माझ्या उपयोगाचा होता, तुमच्या नाही. तुमचे डॉक्टर म्हणतात तेच करा. गुरुवारी जा. भीती वाटणारच, मलाही वाटली असती."

दहाला पाच कमी असताना त्याचा फोन वाजला. आई होती. "अरे, बाईंनी स्वतः लिहिलंय मला! स्वतः! जा म्हणाल्या. गुरुवारी सातला गाडी घेऊन ये. आणि हे बघ, तू सांगितलंस म्हणून नाही हां जात."

"नाही, नाही," बुवा म्हणाला.

अकरा वाजता त्याने ती पट्ट्याची पोस्ट काढून टाकली. बारा वाजता साहेबांनी ती परत टाकली आणि त्याला आत बोलावलं. "बुवा, पोस्ट काढली कशाला?"

"साहेब, लोक ऑपरेशन टाळतायत. पाय जातील त्यांचे."

"पण तुम्हीच म्हणता ना," साहेब शांतपणे म्हणाले, "की बाईंनी एकदा शब्द मागे घेतला की पुन्हा कोणी ऐकणार नाही?"

म्हणत होता खरा. शिवाय सगळ्यांसमोर म्हणत होता. बुवा जागेवर येऊन बसला. दोन लाखांतल्या बाकीच्या गुडघ्यांचं काय, हा प्रश्न त्याला पडला नाही असं कोणी म्हणू नये. पडला. पण त्याच्या आईचं काम झालं होतं, आणि बाकीच्यांना कुठल्या कुंड्या होत्या ते बघायला त्याने संदेश उघडले नाहीत.

पुढचे तीन दिवस तो आईशी जितकं बोलला तितकं वर्षभरात बोलला नव्हता. अर्थात बाई म्हणून. ती विचारायची, हॉस्पिटलात जाताना कोणता गाऊन न्यावा. बाई सांगायच्या, समोरून बटणांचा. ती लिहायची, मुलाचे वडील याच हॉस्पिटलात गेले, म्हणून पाय उचलत नाही. ही गोष्ट मुलाला कधी सुचली नव्हती. बाईंनी उत्तर द्यायला पाऊण तास घेतला.

गुरुवारी सकाळी आई ढकलगाडीवर पडली होती, हिरवी टोपी केसांवर, हाताला सुई. नर्स म्हणाली, "पाच मिनिटांत नेतोय हं, आजी." आईचा चेहरा पार उतरला होता. बुवा म्हणाला, "त्यात काय घाबरायचं?" आणि म्हटल्या म्हटल्या त्याने जीभ चावली.

आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "माझा मोबाईल घे. या हाताने मला लिहिता येत नाही. बाईंना लिही, मी आत चाललेय. फार भीती वाटतेय."

त्याने तिच्यासमोर उभं राहून ते लिहिलं आणि स्वतःलाच पाठवलं. लगेच टिंग वाजलं.

"काय म्हणतात?"

"आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद," बुवाने वाचलं. "पट्टा मागवण्यासाठी..."

"ती पाटी असते रे. आपोआप येते. थांब, बाई मागून लिहितात." मग ती नर्सला म्हणाली, "बाई, जरा थांबा. माझं एक उत्तर यायचंय."

"मी आलोच," असं म्हणून बुवाने तिचा मोबाईल तिच्या डाव्या हातात दिला, बाहेर पळाला आणि पाण्याच्या मशीनशेजारी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दहा मिनिटांत दोन लाख लोकांना हलवणाऱ्या माणसाला एक ओळ सुचेना. नर्स दारातून डोकावली. त्याने डोळे पुसले, स्वतःच्या मोबाईलवर अंगठ्याने काहीतरी लिहिलं, पाठवलं आणि आत आला.

आईने मोबाईल डाव्या हाताने डोळ्यांजवळ धरला होता. तिने ते दोनदा वाचलं. मग मोबाईल बाजूला ठेवला आणि हात पुढे केला.

"हात दे इकडे," ती म्हणाली. "बाईंनी सांगितलंय, आत नेईपर्यंत मुलाचा हात धरून ठेवा."

बुवाने हात दिला. तिने तो घट्ट धरला, दारापर्यंत सोडला नाही. आपल्या जाहिरातीचा इतका चोख परिणाम त्याने एकोणीस वर्षांत पाहिला नव्हता, आणि तो कोणालाही सांगण्यासारखा नव्हता.