पौर्णिमेचं पत्र आणि न लागणारा मॉनिटर

आषाढ पौर्णिमेच्या सकाळी आमच्या वसमतच्या घरी कॉम्प्युटरने घात केला. रात्रभर अपडेट होऊन लॅपटॉप झकास सुरू झाला, पण त्याला जोडलेला मोठा मॉनिटर काळाठिक्कर. मधोमध दोनच शब्द... नो सिग्नल.

मी घरबसल्या डीटीपीचं काम करते, लग्नपत्रिका, फ्लेक्स वगैरे. पण हा मॉनिटर कामासाठी घेतलेला नाही. तो माझ्या मायसाठी आहे.

माय म्हणजे माझी आई. सत्तरीला टेकलीय, डोळ्यांना काचबिंदू. एकोणीसशे पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराला बाबा औरंगाबादला होस्टेलवर राहून शिकत होते आणि ही नवी नवरी कुरुंद्याला सासरी. नवऱ्याचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटायची, म्हणून ती वाचायला शिकली... असं ती स्वतःच सांगते.

बाबा गेल्यावर आमच्या घरात एक रीत पडली. दर पौर्णिमेला संध्याकाळी बुद्धवंदना झाली, की माय त्यांचं एक पत्र मोठ्याने वाचते. कागद विरत चालले, तिला बारीक अक्षर दिसेना, म्हणून मी सगळी पत्रं स्कॅन केली. मॉनिटरवर एकेक अक्षर बोराएवढं करून द्यायचं आणि मायने वाचायचं.

नांदेडच्या डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी डोळे तपासायला सांगितलं होतं. पण माय इतकं छान वाचायची, की मीच म्हणायचे, दिसतंय ना नीट, मग जाऊ पुढच्या महिन्यात. अशा दोन तारखा टाळल्या. हे लिहितानाही मला माझाच राग येतोय.

तर त्या दिवशी संध्याकाळच्या आत मॉनिटर लागायलाच हवा होता. केबल काढून परत लावली, टीव्हीची केबल लावून पाहिली, मॉनिटरचा प्लग काढून थोडा वेळ तसाच ठेवला. लॅपटॉप तीनदा रिस्टार्ट... ढिम्म.

पुण्याहून धाकट्या भावाने फोनवर अक्कल शिकवली, "ताई, केबल उलटी तर नाही ना लावलीस?" ती केबल उलटी लागतच नाही, हे मी त्याला ज्या शब्दांत सांगितलं ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

माय पलंगावर बसून सगळं ऐकत होती. दुपारी हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं पोरी. काहून एवढी तकलीफ करून घेऊन राहिली? एका पुनवेला न्हाई वाचलं तर काय होतंय?"

मला वाटलं, माझी दगदग तिला बघवत नाही. मी उलट चिडलेच. "वाचायचंच आहे, मी लावून देते," म्हटलं.

शेवटी लक्षात आलं, की अपडेटने डिस्प्लेचा ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारं सॉफ्टवेअर, बदललं होतं. सेटिंगमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर परत आणला, पुन्हा रिस्टार्ट केलं, आणि मॉनिटर उजळला! दिवस मावळायला आला होता. मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

वंदना झाली. घरी आम्ही दोघीच, भाऊ फोनच्या स्पीकरवर. मी लॅपटॉपवर पत्र उघडून मोठं केलं आणि मायला मॉनिटरसमोर बसवलं. "हळदीचं पत्र लावलंय, कर सुरू," म्हणून खीर आणायला आत गेले.

आतून तिचा आवाज येत होता. "सप्रेम जयभीम. तू पाठवलेली हळद पोचली. ती मेसच्या आचाऱ्याला दिली. पोरं म्हणाली, आज डाळीला रंग आला..."

वाट्या घेऊन बाहेर आले आणि दारातच थांबले. मॉनिटरवर पत्र नव्हतंच. नुसता निळा पडदा.

आधी लॅपटॉप आणि मॉनिटर, दोन्हीकडे एकच चित्र दिसायचं. दिवसभराच्या खटपटीत ते सेटिंग बदललं होतं. पत्र उघडलं होतं मायच्या पाठीमागे, टेबलावरच्या लॅपटॉपवर. आणि माय त्या निळ्या पडद्यावर बोट फिरवत ओळीमागून ओळ वाचत होती.

अर्ध्यावर आली तशी म्हणाली, "पान सरकव गं पुढं."

मी माऊसचं बटण दाबलं, नुसताच आवाज केला. तिने पत्र शेवटपर्यंत वाचलं. एक शब्द चुकला नाही. तिकडून भाऊ म्हणाला, "क्या बात है, माय!"

फोन ठेवल्यावर मी तिच्याजवळ बसले. "माय, खरं सांग. समोर काय दिसतंय?"

ती म्हणाली, "उजेड." आणि पुढे, "माघातल्या पुनवेपासून अक्षर न्हाई दिसत. पाठ हायेत सगळी. तू एवढ्या हौसेनं आणलं हे माझ्यासाठी... कोणत्या तोंडानं सांगू?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. खूप रडले.

दुसऱ्याच दिवशी नांदेड गाठलं. डाव्या डोळ्याची नजर काचबिंदूने नेली, ती आता परत येणार नाही. वेळेवर आणलं असतं तर काही वाचली असती, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्याचं ऑपरेशन ठरलंय... थोडं दिसेल अशी आशा आहे.

परत येताना गाडीत माय म्हणाली, "बरं झालं बाई तुला कळलं. लई दिवस वाचल्यावानी करून राहिले होते. थकले होते मी."

ज्या अपडेटला दिवसभर शिव्या घातल्या, त्याचे आज मनापासून आभार मानतेय. माझं मन मोडू नये म्हणून मायने पाच पौर्णिमा एकटीने निभावल्या... मी तिला एकदा नीट विचारायला हवं होतं.