ताणावर सोडलेली बाग

मोसंबीला उपाशी ठेवल्याशिवाय ती फुलत नाही, हे आमच्या हसनाबादकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. थंडीत पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळून जातात. मग पाणी सोडलं की फांदीफांदीला कळ्या येतात. याला ताण देणं म्हणतात. ठाऊक सगळ्यांना असतं, पण डोळ्यांदेखत झाड सुकताना बघायला काळीज घट्ट लागतं, आणि माझ्या सासऱ्यांचं ते नव्हतं.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. माणूस असा की शेजाऱ्याची म्हैस आत शिरली तर शेजाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. पण मोसंबीचं पान वळलं की मामा विरघळले. "घसा कोरडा पडून राह्यला गं त्याह्यचा," म्हणायचे आणि गुपचूप मोटार चालू करून यायचे. त्यामुळं लागोपाठ दोन वर्षं आमची बाग नुसती हिरवीगार. येणारा-जाणारा म्हणायचा, वा! आणि फळ म्हणाल तर पाहुण्याला रस द्यायची पंचाईत.

माझे धाकटे दीर जालन्यात नोकरीला. वयानं धाकटे, पण पगारी माणूस, त्यामुळं घरात त्यांचा शब्द चालतो. दिवाळीला आले, बागेतून एक चक्कर मारली आणि निकाल देऊन टाकला. "बाग म्हातारी झाली. जेसीबी लावू अन् काढून टाकू. कपाशी घेऊ."

आमच्या मालकांनी लगेच होकार भरला. धाकट्या भावाला ते कधी नाही म्हणालेत? पण मामांनीही मान हलवली. एकेक रोप स्वतःच्या हातानं लावलेला माणूस, आणि खुशाल मान हलवतो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"म्हातारी-बितारी काही न्हाई," मी म्हणाले. "तिला बराबर ताणच बसला न्हाई. यंदाचा बहार माझ्या हाती द्या. न्हाई फुलली तर कुऱ्हाडीचा पहिला घाव मीच घालते."

दीर हसले. "ठरलं वहिनी. शिवरात्रीला येतो. फुलं दिसली तर बाग तुमची, न्हाई तर मशीन लावतो."

थंडी पडली तसं मी पाणी तोडलं. सगळ्यात आधी मोटारीच्या स्टार्टरमधला फ्यूज काढला आणि तिखटाच्या डब्यात खोल पुरून ठेवला. मामांनी घर पालथं घातलं. कोनाडे पाहिले, ट्रॅक्टरची पेटी पाहिली, नातवाचं दप्तरसुद्धा सोडलं नाही. तिखटात हात घालायची मात्र त्यांची बिशाद नव्हती. पुढं कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवायलाही भिंतीकडं तोंड करून बसायचे.

पानं वळायला लागली. बाजारात बाया म्हणायच्या, "अगं बाई, तुमची बाग जळून राह्यली की!" मी ठसक्यात सांगायची, "जळू द्या. फुलल्यावर वास घ्यायला या."  पण आमची जमीन अर्धी मुरमाड, ताण जास्त झाला तर झाडं खरंच जायची. रोज सकाळी एखादी काडी मोडून पाहायची, आत ओल आहे ना. ओल दिसली की मगच चहा गोड लागायचा.

एका दुपारी भाकरी घेऊन गेले तर मामा विहिरीजवळच्या झाडापाशी उभे. हातात कळशी. बुंध्याची माती ओलीचिंब. जनावरांच्या हौदातून पाणी आणून ते रोज त्या एका झाडाला पाजत होते.

"मामा!"

"एकच झाड गं बाई. पहिलं लावल्तं ते हे. पाणी मागून राह्यलं."

"मागू द्या! तुमच्या मायेनंच चालली ही बाग, कळतंय का तुम्हाला?"

आमच्या घरात कोणतीच सून सासऱ्यापुढं इतक्या चढ्या आवाजात बोलली नसेल. मामांनी कळशी खाली ठेवली आणि लिंबाखाली जाऊन बसले. मला त्या बोलण्याचं आजही वाईट वाटत नाही. कळशी मी उचलली आणि घरी आणली.

पुढं पानगळ हवी तेवढी झाली तेव्हा मी फ्यूज बसवला आणि मोटारीचं बटण मामांनाच दाबायला लावलं. पहिलं पाणी हलकं, नुसती माती ओली करणारं, म्हणजे आंबवणीचं. दुसरं त्याहून जास्त. मग भरपूर. आणि मग नुसती वाट बघायची. देवाशपथ, दोन्ही बाळंतपणांत मी इतकी घाबरले नव्हते.

आणि फुलली! अशी फुलली की पान दिसेना. वास पार डांबरी रस्त्यापर्यंत. मोटरसायकलवाले थांबून विचारायचे, कोणाची हो बाग? मी घरात सगळ्यांना ताकीद दिली, फोनवर भाऊजींना चकार शब्द सांगायचा नाही.

शिवरात्रीला दीर आले ते जेसीबीवाल्याला जागा दाखवायला सोबत घेऊनच. बांधावर पाय ठेवला आणि जागीच थांबले. मामा त्यांचा हात धरून ओळीओळीतून फिरवू लागले. मी मागून चालले होते. विहिरीपाशी ते एकच झाड नुसतं पानांनी लदलेलं. औषधाला फूल नाही.

"याला काय झालं?" दिरांनी विचारलं.

"हे माझं," मामा म्हणाले. "मीच पाणी पाजून बसलो याला." मग काठी उचलून त्यांनी पांढऱ्याशुभ्र ओळींवरून शेवटच्या बांधापर्यंत फिरवली. "अन् ही सगळी हिची. हिला विचारल्याबिगर इथली एक काडी तोडायची न्हाई. बिलकुल न्हाई."

माझी छाती अशी काही फुगली होती की रडूही येईना. जेसीबीवाला इतका वेळ दिरांच्या तोंडाकडं बघत होता. तो माझ्याकडं वळला.

"मालकीणबाई, मंग मी निघू का?"

"चहा घ्या," मी म्हणाले, "अन् निघा."